लाल माती

खाणीच्या ऑफिसात खिडकीपाशी रोज दोन बाटल्या असत. खाणीतलं पाणी गाळतळ्यांत थांबून नाल्यात सुटायचं, त्याचे नमुने. जुने मुकादम मडावी यांच्या तळ्याची बाटली चहासारखी गढूळ, नव्या इंजिनीअर बोरकुटे मॅडमची निवळशंख.

मडावींच्या पोटात दुखायचं ते त्या बाटलीनं. बावीस पावसाळे त्यांनी नुसत्या नजरेच्या अंदाजानं पाणी वळवलं होतं. आणि ही कालची पोर ढिगाऱ्यांवर गवत लावते, चरांत दगड रचते अन् साहेबांची शाबासकी घेऊन जाते!

आज ऑफिस रिकामं बघून त्यांनी बुटाची चिमूटभर माती नखांनी खरवडली, मॅडमच्या बाटलीत टाकली आणि बाटली चांगली खळखळवली.

साहेब आले ते भडकलेच. "बोरकुटे, आता तुम्हीपण असलं पाणी नाल्यात सोडता? खालचं गाव पितं ते!"

मॅडमनं बाटली उजेडात धरली. पाणी लाल झालं होतं. तेव्हा कुठे मडावींना उमगलं. लाल माती फक्त त्यांच्या बाजूच्या ढिगाऱ्यावर होती. मॅडमच्या तळ्यात उतरायची ती काळी. साहेबांच्या हे ध्यानात आलं नाही. तिची नजर मात्र मडावींच्या नखांवर थांबली.

"माझीच चूक, सर. बाटली न विसळता भरली. दुसरा नमुना आणते."

जाता जाता ती हळूच म्हणाली, "काकाजी, हात धुऊन घ्या."

नळाखाली मडावी नखं घासत राहिले. पोटात आता जास्तच दुखत होतं. पोरीचं खोटंसुद्धा निवळशंख होतं.