ईस्टगेटवरून पुढे

ईस्टगेटच्या कमानीवरच्या घड्याळाचे फोटो काढणाऱ्या प्रवाशांच्या गर्दीतून वाट काढत नेव्हिल कमानीच्या कठड्यापाशी आला आणि त्यानं खाली पाहिलं. खालच्या रस्त्यावर, बेकरीच्या दाराशी, त्यानं ठेवली होती तिथंच हेझल होती. चाकाच्या खुर्चीत, मांडीवर चौकटीचं पांघरूण. तिची पाठ त्याच्याकडे होती. काचेतले पाव बघत असावी.

"पंधरा मिनिटांत येतो," म्हणून तो शहराच्या जुन्या तटावर फिरायला चढला होता. ईस्टगेटच्या या वेशीला नुसत्या पायऱ्या, खुर्ची वर येणं शक्यच नव्हतं. नॉर्थगेटपर्यंत जायचं आणि परत फिरायचं, एवढंच ठरलं होतं. "जा की, मी काय पळून जातेय?" हेझलच म्हणाली होती. तो गेला आणि वेळेत परतलासुद्धा. आता पायऱ्या उतरल्या की झालं.

त्यानं तिला हाक मारली नाही.

नेव्हिल ऑग्डेननं आपल्या गावी, ओल्डममध्ये, एकतीस वर्षं दारोदार टपाल वाटलं होतं. रोजचं दहा-बारा मैल चालणं. चार वर्षांपूर्वी हेझलला झटका आला, तिचं उजवं अंग गेलं, आणि त्याचं चालणं पलंगापासून न्हाणीघरापर्यंत उरलं. फार तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तिला आंघोळ घालणं, बटणं लावणं, ताटातलं मांस बारीक कापून देणं, सगळं तो निगुतीनं करी. नवरा असावा तर असा, असं शेजारणी म्हणत, आणि ते ऐकायला त्यालाही आवडे. पण मघाशी तटावर त्याच्या पायांनी जुनी चाल धरली होती आणि आता ते थांबायला तयार नव्हते.

"बरी आहे ती. पाव बघतेय," तो पुटपुटला आणि पायऱ्या मागे टाकून पुढे गेला.

न्यूगेटपर्यंतच, असं त्यानं ठरवलं. न्यूगेट आलं तेव्हा म्हणाला, नदीपर्यंत. डी नदीच्या बंधाऱ्यावर एक बगळा ताटकळत उभा होता. तिथून मागे वळता आलं असतं, पण तो वळला नाही. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आलं. भन्नाट वारा होता. त्यानं टोपी काढून खिशात कोंबली आणि पावलं आणखी लांब टाकली. गुडघा दुखत नव्हता. पुढं एका वळणावर त्याच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. मग हेही लक्षात आलं की ईस्टगेट सोडल्यापासून हेझल एकदाही मनात आली नाही.

तो जागीच थबकला. तट शहराभोवती गोल फिरून पुन्हा ईस्टगेटलाच येत होता. मागे वळला असता तरी आता जवळ पडणार नव्हतं. उरलेली वाट तो जवळजवळ पळतच गेला.

बेकरीतली बाई दारात हाताची घडी घालून उभी होती.

"तुम्हीच का यांचे यजमान?" तिनं विचारलं. "तास होऊन गेला. पांघरूण दोनदा खाली पडलं, मी उचलून घातलं. चहा मी पाजला. आणखी दहा मिनिटं वाट बघून पोलिसांना फोन करणार होते."

नेव्हिलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाई आत निघून गेली. त्यानं हेझलचा डावा हात हातात घेतला. गार पडला होता.

"अगं, वर एक म्हातारेबुवा घसरून पडले," तो म्हणाला. "रुग्णवाहिका येईपर्यंत थांबावं लागलं. टाकून कसं यायचं?"

"अरेरे. फार लागलं का?"

"पाय मोडला बहुतेक."

"एकटेच होते?"

"नाही, बायको होती बरोबर."

"बिचारी," हेझल म्हणाली. "आता तिलाच सगळं करावं लागणार त्यांचं. कितीशी होती रे वयानं?"

नेव्हिल खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या पायांभोवती पांघरूण खोचू लागला. एकदा खोचलेलं पुन्हा पुन्हा खोचत राहिला. वर बघायची त्याची छाती होईना.

"कोणी पडलं नाही, हेझल," तो शेवटी म्हणाला. "मी वेळेत आलो होतो. वरून तू दिसलीस मला. तरी पुढं गेलो. नुसता चालत सुटलो. आणि वाटेत तुझी आठवणसुद्धा झाली नाही मला."

रस्त्यानं माणसं जात होती. हेझलनं डावा हात त्याच्या वाऱ्यानं विस्कटलेल्या केसांवर ठेवला.

"ही खुर्ची एका हातानं पुढं जात नाही माझ्याच्यानं," ती म्हणाली. "जागच्या जागी वळते मात्र. तू कमानीवर येताना दिसलास आणि मी पाठ फिरवली. तोंड दिसलं असतं, तर तू उतरून आला असतास."