आवंढा

नागसेन हे लिहिणारच नव्हता. मोबाईलवर दोन ओळी टाईप करायचा आणि पुसून टाकायचा. पण डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी लिहिलंच.

नागसेन अर्धापूरचा, मल्लिनाथ रेणापूरचा. दोघं एकाच बॅचचे अग्निवीर. चौथं वर्ष चालू होतं. ते संपलं की बहुतेकांनी घरी जायचं, हे भरतीच्या दिवसापासून माहीत होतं. तेवढ्यात कमांडो तुकडीसाठी निवड निघाली. त्यांच्या कंपनीतून एकच जण घेणार होते. ज्याचं नाव लागेल तो राहील, दुसरा घरी, असं दोघांनी धरूनच ठेवलं होतं.

पळणं, दोर चढणं, ओझं घेऊन चालणं, सगळ्यात दोघं बरोबरीचे. राहिली शेवटची चाचणी, नजर आणि हात किती चपळ ते बघायची. महिन्याची सुट्टी मिळाली तसा नागसेन दोन दिवस घरी राहिला आणि मल्लिनाथकडं रेणापूरला मुक्कामाला गेला. तयारी मिळून करायची ठरली होती.

रोज सकाळी शाळेच्या ओट्यावर बसायचे. एकानं फूटभर स्टीलची पट्टी वरून धरायची. दुसऱ्यानं खाली अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची. जितक्या कमी सेंटिमीटरवर पकडली, तितका हात फास्ट.

मल्लिनाथ सोळा-सतरावर पकडायचा. पहिले दोन दिवस नागसेनही तिथंच होता. तिसऱ्या दिवशी त्यानं सातवर पकडली.

"माणूस हायस का मांजर बे?" मल्लिनाथ म्हणाला.

"सोड अजून."

आठ. परत सात.

कारण नागसेनला माहीत होतं. पट्टी सोडायच्या जरा आधी मल्लिनाथ आवंढा गिळायचा. गळ्याची गाठ वर जायची, खाली यायची, आणि खाली आली की पट्टी सुटायची. नागसेन पट्टीकडं बघतच नव्हता.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण जेवायला बसलं की मल्लिनाथ आईला म्हणायचा, "ह्याला आधी वाढ. ह्याचाच नंबर लागणार हाय." आणि त्याची आई, मल्लम्मा, गरम भाकरी नागसेनच्या ताटात टाकायची. तोंडात घास असताना कसं सांगणार?

"असं का बोलून राहिला बे?" नागसेन एकदा म्हणाला. "तुझा बी लागंल."

"खरं ते बोलून राहिलो. तुला आता काय करायची गरज न्हाई, तू आराम कर. मला मेहनत घ्यावी लागंल."

दुपारी तो बहिणीला, मंजुषाला, समोर बसवायचा. ती मनाला येईल तेव्हा टॉर्च लावायची आणि हा पाटावर थाप मारायचा. कधी कधी ती लावायचीच नाही. हा चुकून थाप मारायचा आणि ती खदखदून हसायची. नागसेन ते हसणं ऐकत पंख्याखाली झोपायचा.

चाचणीच्या दिवशी टेबलावर आठ दिवे होते आणि प्रत्येकापुढं बटण. दिवा लागला की त्याचं बटण दाबायचं. आधी दाबलं तर फाऊल. तीन फाऊल झाले की बाहेर. टेबलापलीकडं सुभेदार वही घेऊन उभे होते. दिवे आपोआप लागत होते, सुभेदारांचा त्यात काही हात नव्हता. हे नागसेनला माहीत होतं. तरी त्याची नजर टेबलावर थांबेना. महिनाभराची सवय होती.

सुभेदारांनी आवंढा गिळला. नागसेनचा हात पडला.

फाऊल.

त्यानं मान खाली घातली, दिव्यांकडं बघितलं, मनातल्या मनात स्वतःला शिव्या दिल्या. नजर परत वर गेली. दुसरा. मग तिसरा.

"घाई कशाची झाली होती रे?" सुभेदार म्हणाले.

मल्लिनाथ काही लई फास्ट नव्हता. पण त्याचा एकही फाऊल झाला नाही. नाव त्याचंच लागलं.

वर्ष संपलं. नागसेन अर्धापूरला आला आणि केळीचे घड ट्रकमध्ये भरायच्या कामाला लागला. सहा महिन्यांनी मल्लिनाथ सुट्टीवर आला तेव्हा पेढे घेऊन आधी त्याच्याच दारात आला. नागसेनच्या आईनं, चांगुणानं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तूच तेवढा आलास बाबा. बाकीचे फोन बी उचलत न्हाईत."

ती चहा ठेवायला आत गेली. नागसेनला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मल्ल्या, मी तुला फसवलं. मी पट्टी बघत नव्हतो. तुझा गळा बघायचो. सोडायच्या आधी तू आवंढा गिळायचास. माझा हात कधी फास्ट नव्हताच. महिनाभर तुला उगं खाली बघायला लावलं. झालं ते बरोबरच झालं."

मल्लिनाथनं आतल्या दाराकडं बघितलं. आत कपबशीचा आवाज झाला.

"मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "तू कुठं बघतोस ते."

"मग बोलला का न्हाईस?"

"तिसऱ्या दिवसापर्यंत आपसूक गिळत होतो, नागशा. तिथून पुढं मुद्दाम."

चांगुणा चहा घेऊन दारात आली. मल्लिनाथनं आवाज एकदम खाली घेतला.

"मावशीला सांगू नको."

"न्हाई सांगत," नागसेन म्हणाला.