अकरा मार्क

"चावी तुम्हीच फिरवा," जोलीन म्हणाली.

व्हर्न हेक्किलानं व्हीलचेअर दाराला भिडवली. दोनदा चावी कुलपावर नुसतीच घासली गेली. तिसऱ्यांदा दार उघडलं.

खोली लहानच होती. पलंग, टेबल, दोन बर्नरची शेगडी. खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसत होतं आणि लोहखनिज भरून गोदीतून निघालेलं एक लांबलचक जहाज. त्या गोदीवर व्हर्ननं एकवीस वर्षं काम केलं होतं.

"निम्म्या माणसाला अख्खी खोली!" तो म्हणाला. "तुमच्या ऑफिसात कुणाची चूक तर नाही ना झाली?"

जोलीन हसली. त्याच्या पँटचा डावा पाय गुडघ्यापाशी दुमडून पिन लावलेला होता. तिकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

व्हर्ननं पाच हिवाळे पुलाखालच्या तंबूत काढले होते. बेघरांना घरं देणाऱ्या ऑफिसातर्फे जोलीन दरवर्षी तिथं जाऊन त्याचा फॉर्म भरून घ्यायची. किती दिवस उघड्यावर आहात, दवाखान्यात किती वेळा गेलात, आजार कोणकोणते. प्रत्येक उत्तराला मार्क. घरं मोजकीच, म्हणून ज्याचे हाल जास्त, त्याचा नंबर आधी. घरं देताना यादी अकरा मार्कांच्या खाली कधी उतरलीच नाही. व्हर्नचे यायचे आठ. त्याला डायबेटिस होता, पण इन्सुलिन तो कधी चुकवत नसे. दारू सोडलेली, कुणाशी भांडण नाही.

"तुम्ही फार नीट राहता हो," जोलीन एकदा कळवळून म्हणाली होती. "तिथंच अडतंय सगळं."

फेब्रुवारीत त्याचा पाय काळा पडला. थंडीनं इन्सुलिन गोठून वाया गेलं, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. जोलीनला ते खरं वाटलं. त्या महिन्यात सरोवरसुद्धा काठापासून पार आतपर्यंत गोठलं होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नंतरच्या फॉर्मला मार्क आले तेरा.

ही इमारत त्यानंतर चार महिन्यांनी पूर्ण झाली. बहात्तर खोल्या, खालच्या मजल्यावर नर्स आणि मदतीला माणसं. एकदा आत आलं की कुणी बाहेर काढणार नाही. होणार, होणार असं तीन वर्षं ऐकून पुलाखालच्या लोकांनी तिचा नाद सोडला होता. पहिल्या दिवशी चाव्या मिळालेल्यांत व्हर्न होता.

जोलीननं त्याची पिशवी पलंगावर ठेवली. त्यानं पलंगाची गादी हातानं दाबून पाहिली, मग खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"माझं झालं पोरी," तो म्हणाला. "आता ओपलचं बघ. शेजारच्या तंबूत बिचारी एकटीच राहिलीय. किती मार्क तिचे?"

"सात."

"वाढतील. जरा दम धर, वाढतील."

"अहो, वाढायला कशाला हवेत?" जोलीनचा चेहरा खुलला. "बहात्तर खोल्या आहेत! यादी पार सातपर्यंत खाली आलीय. या आठवड्यात तिलाही चावी देते मी."

जहाज हळूहळू सरकत खिडकीच्या चौकटीबाहेर गेलं.

"म्हणजे आठवाल्याला..." त्यानं विचारलं.

"मिळाली असती," जोलीन खाली बघत म्हणाली. "पण आपल्याला काय माहीत होतं, व्हर्न? इन्सुलिन गोठेल असं कुणाला..."

"गोठलं नव्हतं ते."

तिनं मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्यानं खुर्ची वळवली, दारापर्यंत नेली आणि दार सताड उघडून धरलं.

"तू इथं थांबू नकोस. आत्ताच्या आत्ता पुलाखाली जा. ओपलला म्हणावं, इन्सुलिन घे. मी सांगितलं म्हणून दहा दिवसांपासून बंद केलंय तिनं."