थोरल्याची पोटदुखी

धाकट्याने चांगली नोकरी सोडून माळावर भाजी लावली, कोंबड्या पाळल्या. त्याची फजिती बघायला थोरला भाऊ बाबांना घेऊन गेला. वाफे वाकडे होते, काकड्या कडू निघाल्या. थोरल्याला बरं वाटलं. मागे वळून बघतो तर घरी खुर्चीतून न हलणारे बाबा चिखलात उभे! “गाढवा, कुदळ अशी धरतात होय?” ते धाकट्यावर ओरडत होते आणि दोघंही खदखदून हसत होते. थोरल्याच्या पोटात दुखू लागलं. “बाबा, निघूया.” “मी इथेच राहतो.” “माझ्याकडे काय कमी आहे तुम्हाला?” “काहीच नाही रे. तू म्हणतोस, आराम करा. हा म्हणतो, मला येत नाही, शिकवा.” खिशातली गोळ्यांची डबी थोरल्याने धाकट्याच्या मातकट हातावर ठेवली. “पांढरी रात्रीची,” तो तुटकपणे म्हणाला. “बाबा विसरतात. मी एकदाही विसरलो नाही.”