शांत केलेलं हृदय

जिना चढून आल्यावरही छातीत धडधडलं नाही, तेव्हाच केतकीबाई समजल्या, की मुलाने मोबाइलवरून आपलं हृदय शांत केलंय. छातीतलं यंत्र मज्जातंतूंचे इशारे अडवायचं. मग हृदयाच्या पेशींत जादा कॅल्शियम शिरत नसे आणि दुबळं हृदयही धक्का सोसायचं. वाईट बातमी सांगण्याआधी हल्ली सगळे हेच करत.

“कोण गेलं, ईशान?”

“आई, आधी बस बघू.”

“ताई?”

त्याने मान खाली घातली.

“ते यंत्र थांबव.”

“नको गं. तुला सोसणार नाही.”

“सख्खी बहीण होती रे माझी.”

ईशानने मोबाइल खिशात घातला. केतकीबाई ताईसाठी रडल्या, पण हृदय संथच चालत राहिलं. जणू त्या कुणा परक्याच्या घरी समाचाराला गेल्या होत्या.