सातवा स्क्रू

"हा कशाला आहे रे?" ताईनं चिमट्यात धरलेला स्क्रू भावाच्या नाकासमोर नाचवला.

दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, टेबलावर नवंकोरं गेमिंग कन्सोल पोट उघडून पडलं होतं. सकाळीच पार्सलनं आलेलं. वायर अजून जोडलेलीसुद्धा नव्हती. सील ताईनं आत्ताच, भावाच्या डोळ्यांदेखत फाडलं होतं. सहा स्क्रू ताटलीत होते. हा सातवा. पंख्याखाली एकटाच बसलेला. चांगला चार आटे फिरून बाहेर आला, आणि तो काढल्यावर काहीच सुटलं नाही. कशालाच धरून नव्हता बापडा.

भावाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. कारण हा स्क्रू जन्माला आला होता तो त्याच्या डोक्यात.

त्याला सगळे पुड्याच म्हणत. पुड्या सोडणं हाच त्याचा धंदा. कंपनी जुन्या कन्सोलची सुधारलेली आवृत्ती काढतेय, अशी नुसती कुणकुण लागली की हा इंटरनेटवर यादी टाकून मोकळा. मेमरी दुप्पट, पंख्याचा आवाज निम्मा, चित्र आरशासारखं. वर ठसक्यात, 'आतल्या गोटातून!' आतला गोट कसला, याच टेबलाशी बसून, ताईच्या हातचं जेवता जेवता तो हे सगळं रचायचा. दहातलं एखादं खरं निघायचं, तेवढ्यावर लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचायचे. इतर साइटवाले तर यादीच्या यादी उचलायचे. चोर पकडता यावा म्हणून तो प्रत्येक यादीत एक धडधडीत खोटी गोष्ट घालून ठेवायचा. तिला तो 'तीट' म्हणायचा. या यंत्राच्या यादीत आठ महिन्यांपूर्वी त्यानं तीट लावली होती ती हीच. पंख्याखाली सातवा स्क्रू, कशालाच न धरणारा.

"ताई, हे मी लिहिलं होतं," तो कसाबसा म्हणाला.

"माहितीये. वाचते मी तुझे प्रताप. तुझ्यापायी लोक चांगली कन्सोलं दुरुस्त करायची सोडून नव्याची वाट बघत बसलेत. आई जाताना मी तिला शब्द दिला होता, याला सरळ माणूस करीन म्हणून. झालास का सरळ? आता तुझं खोटंच उठून तुझ्या पुढ्यात आलंय. बस त्याच्याशी गप्पा मारत!"

ताईचा आवाज म्हणजे काय विचारता! ती शिंकली की तीन दुकानं पलीकडचा शिंपी सुई टोचून घ्यायचा.

पुड्यानं यंत्राकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "या खेपेला मी दोन तिटा लावल्या होत्या."

"दुसरी कसली?"

"ज्या खोलीत ते उघडलं जाईल, तिथला सगळ्यात मोठा आवाज ते काढून घेतं. वायर नसली तरी."

"अगंबाई! हे वाचायचं राहिलंच माझं! सुचलं कुठून तुला?"

"तुझ्यावरूनच सुचलं. लोक हसले होते तेव्हा. ताई, पाया पडतो तुझ्या, आता एक शब्द बोलू नकोस."

"बोलणार! शंभरदा बोलणार!" ताई कडाडली. "आधी तू तिकडे लिही, आजवर लिहिलं ते सगळं थापा होत्या म्हणून. मग मी गप्प बसते."

पुड्यानं झटकन मोबाइल काढला. उभ्या उभ्या लिहिलं, 'आजवरच्या सगळ्या याद्या मी मनानं रचल्या. माफ करा.' पाठवलं, आणि चपला उलट्यासुलट्या अडकवून भर उन्हात पळत सुटला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ताईनं कसंबसं दाबून धरलं होतं. मग अशी हसायला लागली, की डोळ्यांतून पाणी आलं. हसणं ऐकून नवरा पुढच्या काउंटरवरून आत आला.

"अहो, काय हात आहे तुमचा!" ताई टेबलाला धरून म्हणाली. बेत तिचाच होता. काल तिनं नवऱ्याला कागदात बांधून एक स्क्रू दिला होता. पार्सल आलं की सील गरम हवेनं सोडवायचं, स्क्रू पंख्याखाली डिंकानं चिकटवायचा आणि सील परत होतं तसं बसवायचं. या कामात त्याचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. "मी नुसता चिकटवा म्हटलं, तर तुम्ही आटे पाडून बसवलात! सुटला बघा माझा भाऊ या नादातून."

ती परत हसत सुटली. नवऱ्यानं मान खाजवली.

"कसले आटे? अगं, रागावू नकोस हं. सकाळपासून गिऱ्हाइकांनी मान वर करू दिली नाही. त्या खोक्याला मी हातसुद्धा लावलेला नाही." त्यानं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या तळव्यावर उलटी केली. "हा घे तुझा स्क्रू."

ताईनं तळव्याकडे पाहिलं. मग ताटलीकडे. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, पण आवाज काही फुटला नाही.

टेबलावर पोट उघडून पडलेलं यंत्र मात्र अजून तिच्या आवाजात खो खो हसत होतं.