लज्जागौरीची झडती

हनोईच्या विमानतळावर कस्टमच्या बाईंनी माझ्या बॅगेतून लज्जागौरी बाहेर काढली आणि त्याच लाजल्या. पाय फाकवून बसलेली उघडी देवी!

"आई, बजावलं होतं ना? इथे अश्लील काही आणायला कायद्याने बंदी आहे!" फोनच्या स्पीकरवर लेक करवादली.

"मला वाटलं, भावोजींच्या फॉरवर्डांबद्दल म्हणतेस. ते पुसले की सगळे."

"मूर्ती जप्त होईल आता."

"सांग त्यांना, दोनदा तुझं बाळ टिकलं नाही. यंदा सुखरूप सुटावीस म्हणून आणलीय."

लेक त्यांच्या भाषेत बोलता बोलता रडलीच. बाईंनी देवी पुन्हा माझ्या साडीत गुंडाळून दिली, मग फोनजवळ वाकून काहीतरी पुटपुटल्या.

"आई, त्या विचारतायत, परक्या बायकांचं ऐकते का ही?"

"ऐकते की. हिला तोंडाच्या जागी कमळ आहे, भाषेची अडचणच नाही."